समोरच्याला लागतं

रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा आहे, सिग्नल लाल आहे, आणि पायी चालणारा एक माणूस फुटपाथच्या कडेला उभा राहून तो हिरवा व्हायची वाट बघतो आहे, असं दृश्य तुम्ही मुंबईत पाहिलं आहे का? मी आठवड्यातून तीनदा पाहते. त्या माणसाचं नाव वसंत पेडणेकर. वय एकाहत्तर. राहणार बोरिवली पूर्व, आमचीच सोसायटी, बी विंग, दुसरा मजला.

एकदा एका हवालदाराला त्यांची दया आली. जवळ येऊन म्हणाला, "काका, क्रॉस करायचंय का? हात धरू?"

"करायचंय. पण लाल आहे."

हवालदाराने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "कोणी नाहीये, काका."

"म्हणूनच थांबलोय," पेडणेकर म्हणाले. "कोणी असताना कुणीही थांबतो."

मी या सोसायटीची सेक्रेटरी आहे. सकाळच्या सत्रातल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते, दोनला घरी येते, आणि त्यानंतर सोसायटी बघते. माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे. त्यात तीन रकाने: तक्रार काय, कोणाची, पुढे काय केलं. बाकी सभासदांना मी अर्धं पान देते. पेडणेकरांना चार पानं दिली आहेत, कारण ते तक्रार करतातही आणि त्यांच्याबद्दल तक्रारी येतातही, आणि दोन्ही सहसा एकाच विषयावर असतात. तो विषय म्हणजे देव.

पेडणेकर देव मानत नाहीत. आता न मानणारे पुष्कळ असतात. पण ते परीक्षेच्या दिवशी गप्प हात जोडतात, किंवा आपलं न मानणं मुलीच्या लग्नापुरतं बाजूला ठेवतात. पेडणेकरांचं न मानणं अगदी नियमित आहे, रोजच्या पूजेसारखं. पत्नी आशाताई होत्या तेव्हा घरात वाटणी ठरलेली होती: देव्हारा त्यांचा, दिव्याचं तेल आणायचं काम यांचं. तेल कधी संपलं नाही. आशाताई जाऊन सहा वर्षं झाली. देव्हारा बंगळुरूच्या मुलीकडे गेला, आणि पेडणेकर एकटे राहतात.

देव नाही, तर मग काय आहे? हे त्यांना पुष्कळांनी विचारलं आहे. उत्तर ठरलेलं आहे.

"समोरच्याला लागतं का, ते बघायचं. लागत असेल तर करायचं नाही. लागत नसेल तर खुशाल करा. संपलं शास्त्र."

पाप, पुण्य, पोथी, परलोक हा सगळा मजकूर त्यांनी या दोन वाक्यांत बसवला आहे, आणि सोसायटीतला प्रत्येक प्रश्न ते त्यानेच सोडवतात. गच्चीत पापड वाळत घालावेत का? "कोणाला लागतंय का?" रविवारी सकाळी सातला ड्रिल चालवावं का? "बाजूच्या घरात चार महिन्यांचं पोर आहे, त्याला लागतं." मी एकदा मुद्दाम विचारलं, "मग रिकाम्या रस्त्यात लाल सिग्नल तोडला तर कोणाला लागतं?" दोन दिवसांनी मी दूध आणायला निघाले असताना जिन्यात मला थांबवून म्हणाले, "सवयीला लागतं." आणि खाली निघून गेले. त्यांनी त्यावर दोन दिवस काढले होते.

नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात केली. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, शिक्के मारायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी शंभर ग्रॅमचं एक पितळी वजन पँटच्या उजव्या खिशात असतंच. डाव्या खिशात कंगवा. भाजीवाल्याकडे गेले की आधी ते वजन काट्यावर ठेवतात, आकडा बघतात, आणि मग भेंडीला हात लावतात.

"काका, लक्ष्मीची शपथ, काटा बरोबर आहे," भाजीवाला म्हणतो.

"लक्ष्मीला काट्यातलं काय कळतं? तुला कळतं, म्हणून तुला विचारतोय."

काट्यावर हळदकुंकू जितकं जास्त, तितका आपण तो काटा नीट बघायचो, असं ते सांगतात.

शपथेवरून आमच्या मुलांचीही अडचण झाली आहे. मुलं क्रिकेट खेळतात, काच फुटते, आणि सगळी एका सुरात "देवाशपथ, आम्ही नाही" म्हणतात. पेडणेकर खिडकीतून खाली बघत म्हणतात, "देवाला मध्ये घेऊ नका, तो खेळत नव्हता. तू मारलास ना बॉल?" समोरचा मुलगा मान खाली घालतो. आता मुलं आपापसात "देवाशपथ" चालवून घेत नाहीत. "पेडणेकर काकांसमोर बोल," असं म्हणतात. ही शपथ अजून कोणी मोडल्याची नोंद माझ्याकडे नाही.

गणपतीत ते मंडपात येतात, पण आरतीला उभे राहत नाहीत. बाहेर चपलांजवळ उभे राहतात. "सगळे आत डोळे मिटून उभे असताना चपला कोण बघणार?"

"देव बघतो ना, काका," कोणीतरी टोमणा मारतं.

"तो बघत असता तर मागच्या वर्षी किरीटभाईंचा डावा सँडल गेला नसता."

किरीटभाई आमच्या कमिटीत आहेत. बोरिवलीत जन्मलेले, मराठी आमच्याइतकंच येतं, फक्त भक्ती आमच्यापेक्षा जास्त. त्या सँडलची आठवण त्यांना आवडत नाही. आणि पुढचं सगळं प्रकरण त्यांच्यापासूनच सुरू झालं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर, गुडघ्याच्या उंचीला, देवांच्या टाईल लावलेल्या होत्या. मुंबईत कशासाठी लावतात हे सांगायला नको. कोपरा दिसला की थुंकणाऱ्याला थुंकावंसं वाटतं, आणि देव दिसला की तो थुंकी गिळून टाकतो. गेल्या वर्षी इमारतीला रंग काढला तेव्हा रंगाऱ्यांनी त्या सगळ्या टाईल फोडून काढल्या. रंग वाळल्यावर सभा झाली आणि किरीटभाईंनी नव्या टाईलचा ठराव मांडला.

"सगळे देव घेऊया. गणपती, साईबाबा, क्रॉस, काबा. म्हणजे कोणालाच थुंकता येणार नाही."

पेडणेकर उभे राहिले. "देवाला तुम्ही थुंकीच्या ड्यूटीवर बसवताय. मी मानत नाही, तरी मला त्याच्यासाठी वाईट वाटतं. तुम्ही मानता, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"अरे काका, तो तिथे बसून कोणाला लागतंय का?" किरीटभाईंनी त्यांचंच शास्त्र त्यांच्यावर उलटवलं. सभा हसली.

पेडणेकर हसले नाहीत. "मला लागतंय. त्या टाईलचा अर्थ काय होतो? आम्ही सगळे इतके वाईट, की देव चिकटवल्याशिवाय स्वतःच्या घराची भिंत स्वच्छ ठेवू शकत नाही. हे मी रोज जिना चढताना वाचायचं?"

"पण काका, देवच नाही म्हटल्यावर माणूस चांगला राहील कशाला? त्याला फायदा काय?"

"नातवाला पाणी गाळून देता ना? ते देव बघतो म्हणून, की पोराचं पोट दुखेल म्हणून?"

"तो नातू आहे. तो माझा आहे."

"बरोबर. फक्त तो 'माझा' जरा मोठा करायचा. जिना येईल एवढा."

आमचे चेअरमन कांबळे सर मितभाषी आहेत. सभेत त्यांचा आवाज फक्त सुरुवातीला आणि शेवटी येतो. त्या दिवशी ते मध्येच बोलले. "पेडणेकर, तुम्ही एकटे नाही. आमच्याकडेही जग चालवणारा देव नाही. पण शील आहे. पाच गोष्टी आपण आपल्याशी कबूल करायच्या."

"आणि त्या पाळल्या की नाही, ते कोण बघतं?"

"आपणच."

पेडणेकरांनी टेबलावरून हात पुढे करून कांबळे सरांचा हात हातात घेतला. मी तेवढ्यात ठरावाचा मसुदा लिहून टाकला, कारण कोणीतरी लिहायलाच हवं होतं. सगळ्या वळणांवर टाईल लावाव्यात, फक्त एक कोपरा मोकळा ठेवावा. नव्वद दिवस तो स्वच्छ राहिला तर बाकीच्या टाईल काढून टाकायच्या. घाण झाला तर तिथेही टाईल लागेल, आणि ती पेडणेकर स्वतःच्या हाताने लावतील. ही शेवटची अट किरीटभाईंची.

"कुठला कोपरा?" मी विचारलं.

"माझ्या दारावरचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला. प्रयोग दुसऱ्याच्या दारात करत नाहीत."

त्याच सुमारास माझ्या रजिस्टरात आणखी एक पान भरायला लागलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंत आजींचं. आजी मालवणकडच्या, वय ऐंशीच्या पुढे. मुलगा नितीन आणि सून दोघं नोकरीला; दिवसभर सांभाळायला एक बाई येते, ती दुपारी मोबाइल बघता बघता झोपते. आजींना अलीकडे काळवेळ उमगत नव्हती. तक्रार एक: नळ उघडा राहिला, पाणी जिन्यावरून खाली आलं. तक्रार दोन: भर दुपारी एका घराची बेल वाजवून "कणकवलीची एसटी गेली काय?" असं विचारलं. दोन्ही वेळा नितीन माझ्याकडे येऊन माफी मागून गेला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "सरोजताई, तिसरी तक्रार आली ना, की मी तिला पनवेलजवळच्या आश्रमात ठेवणार आहे. जागा बघून आलोय. आम्ही दोघं कामाला, उद्या रस्त्यावर गेली तर? नाइलाज आहे." पोरगा वाईट नाही. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, रजिस्टरकडे बघत होता. तिसऱ्या तक्रारीची ओळ मी रिकामी ठेवली.

प्रयोग सुरू झाला. मी रोज दोनदा, सकाळी शाळेत जाताना आणि संध्याकाळी सहाला, कोपरा बघून "स्वच्छ" असं लिहायचे. तीस दिवस स्वच्छ. चाळीस दिवस स्वच्छ. कुरियरवाले आले, गॅसवाले आले, किरीटभाईंच्या मेहुण्याचा तोंडात मावा ठेवून बोलणारा मित्र दोनदा आला. कोपरा स्वच्छ. किरीटभाई जिन्यात भेटले की आधी कोपऱ्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, जणू मीच काही करते आहे.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास माझ्या लक्षात आलं, की त्या कोपऱ्यातला रंग उडतो आहे. बाकी जिना पिवळा होता, तेवढा कोपरा जमिनीपासून कमरेपर्यंत पांढरा होत चालला होता. थुंकून भिंत लाल होते हे माहीत होतं. न थुंकून ती पांढरी होते, हे नवीन होतं. जवळ जाऊन वास घेतला. फिनेल.

मी पेडणेकरांची बेल वाजवली. या माणसाकडून माहिती काढायला युक्ती लागत नाही. प्रश्न सरळ विचारायचा.

"कोपरा तुम्ही पुसता का?"

"हो."

"कधीपासून?"

"सव्वीस दिवस झाले."

"म्हणजे कोणीतरी रोज थुंकतं."

"रोज नाही. रविवार सोडून."

"कोण?"

त्यांनी दारातलं पायपुसणं पायाने सरळ केलं.

"माहीत नाही, की सांगणार नाही?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

"काका, नाव सांगितलंत तर तुमचा प्रयोग वाचेल. एकच माणूस घाण करतोय, बाकी अठ्ठेचाळीस घरं नाही करत, असं मीच सभेत मांडते. तुमचंच म्हणणं खरं ठरतंय."

"ठरतंय," ते म्हणाले. "पण नाव नाही."

"आणि मी हे रजिस्टरमध्ये लिहिणार, हे तुम्हाला माहीत आहे."

"लिहायलाच पाहिजे. नाही तर ते रजिस्टर कशाला?" त्यांनी दार लोटलं, पुन्हा उघडलं. "उद्याच सभा लावा. नव्वद दिवस थांबण्यात अर्थ नाही."

सभेत मला काही बोलावंच लागलं नाही. कांबळे सरांनी "सभा सुरू" म्हटलं आणि पेडणेकर उभे राहिले.

"प्रयोग फसला. भिंतीवर थुंकलं जातंय. ते मी पुसत होतो, म्हणून सरोजताईंना दिसलं नाही. त्यांची नोंद चुकीची नाही, भिंतच खोटी होती."

क्षणभर कोणाला कळेना, रागवायचं की हसायचं. किरीटभाईंना आधी कळलं. "वा, काका. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासलेत, आणि स्वतःच्या काट्याला चुंबक लावलात?"

पेडणेकरांच्या खिशातल्या हाताची हालचाल मला दिसली. ते पितळी वजन मुठीत घट्ट धरत होते. गेली एवढी वर्षं मी त्यांना पाहते, पण लाजलेले त्या दिवशीच पाहिले.

"बरोबर बोललात," ते म्हणाले.

"आता नाव सांगा. कोण थुंकतं?"

"नाही."

"बघा, चोराला पाठीशी घालतात. हेच तुमचं बिनदेवाचं शास्त्र?"

"नाव सांगितलं तर समोरच्याला लागतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "नाव कशाला सांगतील? स्वतःच थुंकत असतील, आणि स्वतःच पुसत असतील." या वेळी सगळी सभा हसली. कांबळे सर हसले नाहीत, मी हसले नाही.

पेडणेकर शांतपणे माझ्याकडे वळले. "तसं लिहा हवं तर. डाग पेडणेकरांचा. माझी हरकत नाही."

मी तसं लिहिलं नाही. "प्रयोग अयशस्वी, टाईल लावावी" एवढंच लिहिलं. सभा संपत असताना पेडणेकरांनी एक विनंती केली, आणि तिच्यावर सभा पुन्हा दहा मिनिटं लांबली. त्या कोपऱ्यात नव्या संचातली कुठलीही टाईल चालणार नाही. रंगाच्या आधी तिथे जी होती तीच हवी. पिवळं पितांबर, डाव्या सोंडेचा गणपती, खाली उंदीर, उंदराच्या हातात लाडू.

"काका, साईबाबा आहेत ना शिल्लक," किरीटभाई म्हणाले.

"साईबाबा नको. गणपतीच."

"डावी सोंड, उजवी सोंड, तुम्हाला काय फरक पडतो? तुमच्या हिशेबी दोन्ही नाहीत ना?"

"नाहीत. पण डावी हवी."

तशी टाईल बोरिवलीत मिळाली नाही. ती शोधत ते मालाडपर्यंत गेले, आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. स्वतः सिमेंट कालवलं, पाणसळ लावून पातळी बघितली. मी जवळच उभी होते. टाईल त्यांनी नेहमीसारखी गुडघ्याच्या उंचीला धरली नाही, चांगली वर, माझ्या खांद्याखाली धरली. "एवढी वर?" मी विचारलं. "जुनी फार खाली होती," ते म्हणाले. "आता मान तेवढी वाकत नाही." कोणाची मान, ते मी विचारलं नाही. त्यांची स्वतःची असेल असं मला वाटलं. नास्तिकाने पाणसळ लावून बसवलेला तो गणपती आमच्या जिन्यातला एकमेव सरळ देव आहे.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला वर गेले होते. उतरताना, पावणेतीनच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावर पोचले तर सावंतांचं दार अर्धं उघडं, आणि आजी कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरत होत्या. हाक मारणार होते. तेवढ्यात खालच्या वळणावर पेडणेकर दिसले, आणि मी तिथेच थांबले.

आजींच्या तोंडात मिश्री होती, ओठांच्या कडा काळपट झालेल्या. चेहऱ्यावर कसलाही गोंधळ नव्हता. गावच्या घरात दुपारची मिश्री लावून मागीलदारी चूळ भरायला जाणारी बाई जशी जाईल, तशा त्या निघाल्या होत्या. आठ पायऱ्या उतरल्या, कोपऱ्याकडे वळल्या, गाल फुगवले, आणि समोर गणपती दिसल्यावर थबकल्या. बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो. त्या मागे सरकल्या. इकडे तिकडे बघायला लागल्या. पेडणेकरांनी पुढे होऊन हातातलं प्लास्टिकचं टमरेल त्यांच्या हनुवटीखाली धरलं. आजी त्यात थुंकल्या. मग पेडणेकरांनी पेल्यातलं पाणी दिलं, चूळ भरून झाली, पदराला तोंड पुसून झालं. रोजचं काम असल्यासारखं.

मग आजींनी टाईलला हात जोडले. डोळे मिटले. पुटपुटल्या. आणि डोळे उघडून, पेडणेकरांना गावचा कोणी पोरगा समजून करवादल्या, "बाबल्या, हात जोड मरे. देवासमोर असो खांब्यासारखो काय उभो रवलंस? आवशीन काय्येक शिकवल्यान नाय तुका."

एकाहत्तर वर्षांचे पेडणेकर, ज्यांनी स्वतःच्या लग्नात सत्यनारायणाला हात जोडले नव्हते म्हणतात, त्यांनी टमरेल पायरीवर ठेवलं, हात खांद्यावरच्या जुन्या फडक्याला पुसले, आणि जोडले.

"शाणो माझो झील," पोटच्या मुलाला म्हणावं तसं आजी म्हणाल्या, आणि वर चढायला वळल्या. त्यांचा हात धरून ते वर येऊ लागले तेव्हा मी त्यांना दिसले.

आजींना घरात सोडून, दार ओढून घेऊन ते माझ्याजवळ आले. मी प्रश्न सरळ विचारला.

"कधीपासून?"

"टाईल गेल्यावर थोडे दिवस कोपऱ्याशी नुसत्या घुटमळून परत जायच्या, मग थुंकायला लागल्या. टाईल होती तेव्हा रोज एवढ्यापर्यंत यायच्या, गणपती दिसला की परत फिरायच्या. मी दाराच्या जाळीतून बघायचो. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. बाकी सगळं विसरल्या आहेत, पण देवासमोर थुंकायचं नाही, एवढं राहिलंय. तेही मी कोपरा मोकळा ठेवून काढून घेतलं." त्यांनी टमरेलाकडे बघितलं. "म्हणून सभेत म्हटलं, डाग माझा लिहा. खोटं नव्हतं ते."

"तुम्ही हात जोडलेत."

"जोडले."

"देवाला?"

"नाही जोडले तर त्यांना लागतं." मग जणू शब्द काट्यावर ठेवून आकडा बघत, म्हणाले, "मला देव लागत नाही, सरोजताई. त्यांना लागतो."

मी त्या वाक्याचा विचार करत खाली आले. इतकी वर्षं त्यांचं शास्त्र मी एकाच अर्थाने ऐकत होते.

रजिस्टर उघडलं. सावंत आजींचं पान काढलं. तिसऱ्या तक्रारीच्या ओळीवर पेन टेकवलं, आणि बराच वेळ तसंच धरलं. सेक्रेटरी म्हणून मी आजवर पाहिलेलं काही लिहायचं सोडलेलं नाही. शेवटी मी आजींना सांभाळणाऱ्या बाईला खाली बोलावून तिच्या मोबाइलबद्दल चार शब्द सुनावले, जिना झाडणाऱ्या मावशींची बी विंगची वेळ तीनवरून चार केली, आणि ती ओळ होती तशी ठेवली. वेळ बदलण्याचं कारण शेवटच्या रकान्यात "सोय" असं लिहिलं. कोणाची, ते लिहायला तिथे जागा नव्हती.

मागच्या गुरुवारी दुपारी मी आणि पेडणेकर गेटजवळ बोलत होतो. पार्किंगमध्ये कोणीतरी झाडाची कुंडी ठेवली होती, त्यावरून त्यांची नवी तक्रार होती. नितीन सावंत घरी विसरलेली फाइल घेऊन स्कूटर काढत होता. मला बघून थांबला.

"सरोजताई, आईची काही तक्रार? आली असेल तर सांगा हां. त्या आश्रमवाल्यांचा फोन येतोय, जागा ठेवू की देऊ विचारतायत."

"एकही नाही," मी म्हटलं. "देऊन टाक म्हणावं."

त्याचा चेहरा सैल झाला. हेल्मेट घालता घालता म्हणाला, "खरंच, देवाची कृपा."

मी पेडणेकरांकडे बघितलं. आता अर्धा तास तरी गेला, असं मनाशी धरलं. याहून लहान वाक्यांवर त्यांनी लोकांना गेटवर अडकवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. ते नितीनची स्कूटर वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

"कुंडीचं उद्या बोलू," ते म्हणाले आणि घड्याळात बघितलं. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सोसायटीत त्यांना लहानथोर सगळे अहो-जाहो करतात. आशाताई गेल्यापासून त्यांना अरे-तुरे करणारं खाली तरी कोणी नाही.

डाव्या खिशातून त्यांनी कंगवा काढला, मीटररूमच्या काचेत बघून केस नीट केले, आणि जिना चढायला लागले.